हिमालयन ४११ साठी हवा भरायचं मशीन: चार्जिंगचं घ्यावं की बाईकच्या बॅटरीवरचं?

कृष्णाकाठ४११ (कराड)

नमस्कार मंडळी. जुलैअखेर मनाली ते लेह ठरलंय. तिघे आहोत. माझी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, ट्यूबच्या टायरची, बाकी दोघांच्या गाड्या ट्यूबलेस. म्हणजे पंक्चरचा घोर माझ्या एकट्याच्या वाट्याला, आणि दोघेही मला त्याची रोज आठवण करून देतात.

मला हवा भरायचं मशीन घ्यायचंय. एक मोबाईलपेक्षा थोडं मोठं, आत बॅटरी असलेलं, अडीच हजारांच्या आसपास. दुसरं कारवाले वापरतात ते बारा व्होल्टचं वायरवालं. माझ्या हँडलला लायटर सॉकेट बसवलेलं आहे, त्यात ते चालेल का?

दुसरं म्हणजे, आमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं की वाटेतल्या बारालाचा खिंडीच्या आधी दोन्ही चाकांतली पाच-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी करा, नाहीतर वर टायर फुटतो. खरं आहे का हे?

बावनदीवाला (संगमेश्वर)

आधी सॉकेटचं. नाही चालणार. ही कारची मशीनं साधारण १२० वॅटची असतात, म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. हँडलवरच्या सॉकेटला आलेली वायर मोबाईल चार्जिंगच्या हिशोबाची. फ्यूज उडाला तर नशीब, नाही उडाला तर वायर तापेल. थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून जाड वायर काढायची, टर्मिनलजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाकायचा आणि तिचं टोक टोपणवाल्या कनेक्टरला जोडून सीटखालून बाजूला काढून ठेवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. बॅटरी उतरेल ही भीती मनातून काढा. दहा अँपिअर पाच मिनिटं ओढलं तरी एक अँपिअर-अवरसुद्धा होत नाही आणि तुमची बॅटरी आठची आहे. तरी इंजिन चालू ठेवूनच भरा.

आता कुठलं घ्यायचं. माझ्याकडे दोन्ही आहेत. घरी आणि जवळच्या राइडला चार्जिंगचं वापरतो, कारण सकाळी निघताना सीट न काढता हवा बघून होते. लांब जायचं असेल तर वायरवालंच बॅगेत जातं. चार्जिंगवालं मागचं चाक शून्यापासून ३२ पर्यंत भरतं, दुसऱ्यांदाही कसंबसं भरतं, तिसऱ्यांदा मात्र तोंड फिरवतं. ट्यूबच्या गाडीला दुसरी-तिसरी वेळ येते हो. पॅच बसला की नाही ते बघायला भरा, गळतोय म्हणून काढा, परत भरा. त्यात आदल्या रात्री मित्राने त्यावर मोबाईल चार्ज केलेला असतो. या मशीनला टॉर्च आणि पॉवर बँक जोडायची अक्कल ज्याला सुचली त्याने कधी रस्त्यावर चाक खोललेलं नसावं.

पण मशीन हा यातला सोपा भाग. बाबांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं, माझं अर्धं लहानपण ट्यूबच्या पाण्याच्या टबाशी गेलं. तिथे हवा भरायला पोरांना बसवायचे. ट्यूब बाहेर काढणं आणि परत घालताना लिव्हरखाली (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीखाली) न चिमटणं, हे मोठ्या माणसाचं काम. दोनशे रुपयांचा पायपंपसुद्धा हवा भरतो. म्हणून मशीनच्या बॉक्सबरोबर टायर लिव्हर तीन, पुढची आणि मागची ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि एक्सलच्या नटाचा पाना हे सगळं आलं पाहिजे. जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढची २१ इंचाची घ्या. अडीनडीला ती मागच्या १७ मध्ये घड्या घालून बसते, पुढच्या गावापर्यंत नेते. मागची पुढे बसत नाही.

आणि निघण्याआधी घरी एकदा मागचं चाक काढा. ४११ ला मेन स्टँड आहे, त्यामुळे जॅक-बिक लागत नाही. टायरची कड रिमवरून उतरवताना खरी अंगातली रग लागते. समोरच्या बाजूची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की लिव्हरकडची बाजू आपोआप सैल होते. सगळी मेख तिथे आहे, जोर लावण्यात नाही. ट्यूब घालताना तिच्यात आकार येण्यापुरती हवा आधी भरा, थोडी टाल्कम पावडर लावा. रिकामी ट्यूब पिळा पडते आणि मग आपणच लिव्हरने तिला भोक पाडतो.

व्हॉल्व्हचा तो छोटा नट रिमवर गच्च आवळू नका. वर टोपणाला टेकवून ठेवा. कमी हवेवर खराब रस्त्याने गेलात की टायर रिमवर घसरतो, ट्यूब बरोबर फिरते. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसतो. आवळलेला असेल तर काहीच दिसत नाही, आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटला की त्याला पॅच नाही.

गोदाकाठची_रायडर (नाशिक)

बावनदीवाले दादांशी सहमत, फक्त ट्यूबलेसवाल्यांची बाजू मांडते. माझ्याकडे केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आहे. खिळा लागला तर चाक काढायचंच नसतं, भोकात चिकट रबरी पट्टी (स्ट्रिप) घुसवली आणि वर हवा मारली की झालं. त्यामुळे तुमच्या मित्रांना चार्जिंगचं छोटं मशीन पुरतं. पण त्यांना जास्त ऐटीत राहू देऊ नका. दगडावर आपटून रिम वाकली किंवा टायरची कड रिमवरून निसटली, तर ती परत बसवायला एकदम हवेचा लोंढा लागतो. छोट्या मशीनचा तो घास नाही. व्हॉल्व्हची पिन काढून भरलं तर हवा जरा वेगाने जाते, पण तेवढ्याने दर वेळी जमतंच असं नाही.

चार्जिंगचं घेतलंत तर थंडीत रात्री तंबूबाहेर बाईकवर सोडू नका. गारठ्यात लिथियम बॅटरी दम टाकते. आणि दिवसा काळ्या टँक बॅगेत उन्हातही नको.

मशीनचा आकडा आणि पेट्रोलपंपावरचा आकडा जुळेल ही अपेक्षा सोडा. एकच काटा धरायचा आणि सगळीकडे त्याच्यावरच विश्वास ठेवायचा. मी साधा पेनासारखा गेज ठेवते.

निवृत्त_मास्तर (सांगली)

बाळांनो, उंचीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं.

गेज दाखवतो तो टायरमधला दाब वजा बाहेरचा दाब. कराडला बाहेरची हवा साधारण १३.७ पीएसआयने दाबते, लेहला ३,५०० मीटरवर साडेनऊच्या आसपास. म्हणजे घरी भरलेले ३२ तिथे, तापमान तेच राहिलं तर, ३६ दिसायला हवेत. गॅरेजवाल्याचं अर्धं गणित इथपर्यंत बरोबर आहे.

पण तापमान तेच राहत नाही. कराडला हवा भरताना ३० अंश असेल आणि लेहला पहाटे ८ अंश, तर आतला दाबही उतरतो. दोन्हींचा हिशोब केला की गेजवर जेमतेम ३३ दिसतं. उंची जे देते ते थंडी काढून घेते. टायर यासाठी फुटत नाही. दुपारी उन्हात गाडी चालवल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतील, तेव्हा हवा सोडायची नाही. सकाळी निघण्यापूर्वी, चाक गार असताना मोजायचं आणि तेव्हाच कमी-जास्त करायचं. आधीच पाच काढून निघालात तर दगडधोंड्यांत ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील.

कृष्णाकाठ४११

मास्तर, हे गॅरेजमध्ये वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘सरांना सांगा, वर जाऊन बघा मग बोला.’

वायरवालं घेतलं, थेट बॅटरीवरून कनेक्शन काढलं. रविवारी पार्किंगमध्ये मागचं चाक काढलं. टायरची कड उतरवायला तासभर गेला आणि वॉचमन अख्खा वेळ खुर्ची टाकून सूचना देत होता. हवा शून्यापासून ३२ पर्यंत पाचेक मिनिटांत भरली. अडचण एकच, पुढच्या चाकाला. नळीचं पितळी टोक आट्यांचं आहे, ते फिरवायला डिस्क आणि स्पोकच्या मध्ये बोटं शिरत नाहीत. शिवाय काढेपर्यंत फुस्स करून दीड-दोन पीएसआय जातेच.

बावनदीवाला

चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा आणि डिस्कच्या विरुद्ध बाजूने हात घाला. तरी नाही जमलं तर काटकोनात वाकलेला जोड मिळतो, तो हवा भरण्यापुरता लावायचा. कायमचा लावून ठेवू नका, लटकून व्हॉल्व्हवर ताण येतो. जाते तेवढी हवा जास्त भरून मगच नळी काढायची. पितळी टोक पाच मिनिटांत चांगलं तापतं, हातमोजा घाला. आणि फ्यूज दोन जादा ठेवा, त्याच साइजचे.