जुझेआजोबांची नोंद: आगाशीला बघा

फेलिक्स काका (फतेगंज): सगळ्यांना नमस्कार. वसईजवळच्या नंदाखाळच्या चर्चमधून उत्तर आलं. जुझे या नावाची बाप्तिस्म्याची नोंद वहीत नाही. आपल्या घराण्याचा मेळावा तोंडावर आलाय आणि वंशावळ जुझेआजोबांपाशी येऊन अडकली आहे. मला खरंच काळजी वाटते.

रोनी (रावपुरा): बॅनर शुक्रवारी छापायला जातोय. ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी कृपया पाठवावी 🙏

सुनील दादा (गोरवा): मग सरळ लिहा, "१७३९ आधीपासूनचं वसईचं घराणं". चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा आपली माणसं तिथेच होती. कोणाला माहीत नाही?

लीना ताई: मला माहीत नाही, दादा. जुझेआजोबांचे वडील पेद्रू, एवढंच आपल्या हातात आहे. त्यांच्या आधीची दीडशे वर्षं कोण भरणार? बॅनरवर छापलं की पोरं तेच खरं धरून बसतील.

सुनील दादा: बरं. ईस्टरलाही तूच बोलत होतीस, आताही तूच बोल.

ग्लोरिया काकू: भांडू नका रे. इंद्याल मी करते, पण व्हिनेगर वसईचंच लागेल.

मेल्विन: काकूंचं इंद्याल असेल तर वंशावळ नसली तरी मी येतो 😄

ग्लोरिया काकू: तू आधी वर्गणी भर.

रोनी: धन्यवाद काकू. पुन्हा सांगतो, बॅनर शुक्रवारी जातोय. वर्गणी.

लीना ताई: काका, नंदाखाळला नोंद नाही म्हणजे कुठेच नाही असं नव्हे. त्यांच्या धाकट्या बहिणीची, रोझाआजीची १८९९ची नोंद तिथेच मिळाली होती ना? तो फोटो मी रात्री मोठा करून पाहिला. शाई पार उडालीय, पण धर्ममातेच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या मानलेल्या आईच्या, नावापुढे "आगाशी" वाचता येतं. धर्ममाता आईकडचीच असणार. म्हणजे आजोबांच्या आईचं माहेर आगाशी. आता बघा, आजोबा थोरले. पहिलं बाळंतपण कुठे? माहेरी! आणि तेव्हा बाळ हाती लागेल की नाही याचीच धास्ती, म्हणून दोन-चार दिवसांत जवळच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा उरकायचे. सासरी आणेपर्यंत कोण थांबणार? नोंद आगाशीच्या वहीत असायला हवी.

मरियाआतू: अगं बाई! आमची आई म्हणायची की आजोबांना "आगाशीचा" म्हणून चिडवत असत. आम्हाला वाटायचं, आजोळी फार राहायचे म्हणून.

फेलिक्स काका: पटतंय लीना. पण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. आगाशीला घरटी एक जुझे निघेल. आपला कोणता ते कसं ओळखायचं?

लीना ताई: समास बघायचा. १९०८पासून रोमचा नियम आहे, लग्न लागलं की बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं आणि त्यांनी जुन्या नोंदीच्या समासात ते टिपायचं. आजोबांचं लग्न १९१६चं, बीबीसीआय रेल्वेत लागून ते बडोद्याला आल्यानंतरचं. बापाचं नाव पेद्रू आणि समासात आजीचं नाव असलं की तो आपलाच जुझे. नुसतं नाव जुळलं म्हणून कोणालाही घरात घ्यायचं नाही.

सुनील दादा: त्यापेक्षा मुंबईच्या आर्चबिशपांकडे लिहितो. वरूनच काम होईल.

फेलिक्स काका: १८८६ ते १९२८ वसई दमण धर्मप्रांतात होती, सुनील. मुंबईकडे त्यानंतर गेली. वसईचा वेगळा धर्मप्रांत तर १९९८चा. आधी गावच्या चर्चची वही.

लीना ताई: आणि पत्रात "जोसेफ" नको. वही पोर्तुगीजमधली आहे, "जुझे"च लिहा. मागच्या पत्रात जोसेफ गेलं होतं.

सुनील दादा: ते पत्र मी लिहिलं होतं. टोमणा पोचला.

लीना ताई: टोमणा नाही दादा. वही चाळणाऱ्याला नेमकं नाव लागतं, म्हणून म्हटलं. रोझाआजी १८९९च्या, म्हणून १८८८ ते १८९८ एवढीच वर्षं द्या. आईबापाची नावं, आजीचं नाव, लग्नाचं साल. बाकी काही नको.

रोनी: बॅनर शुक्रवारी जातोय. वर्गणी अजून अर्धीच आली आहे 🙏

मरियाआतू: रोनी, कळलं रे बाबा.

डॉमनिक भाऊ (नंदाखाळ): आत्ता वाचलं सगळं. रविवारी मी आगाशीलाच मिस्साला जाणार आहे. पत्र पाठवा, फादरांच्या हातात देतो. रोझाआजीच्या नोंदीचा फोटोही छापून नेतो, अक्षर ताडून बघायला बरं. काकू, व्हिनेगर किती पाठवू?

ग्लोरिया काकू: दोन बाटल्या. देव तुझं भलं करो.

सुनील दादा: पत्र मीच लिहितो, जुझे लिहून. लीना, पाठवण्याआधी एकदा वाच. रोनी, १७३९ काढ. "पेद्रू, नंदाखाळ" इथूनच सुरू कर आणि छपाई सोमवारपर्यंत थांबव.

रोनी: सोमवार चालेल. पण रविवारी रात्रीपर्यंत कळवा, नंतर एक अक्षरही बदलता येणार नाही.