थर: वाळूपलीकडचं
'उंट आणि वाळूच्या टेकड्या सोडल्या तर थरच्या वाळवंटात बघायला काय आहे?' या प्रश्नावर थोडी भर घालतो. जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये टेकड्या फार नाहीतच. बराचसा भाग खडकाळ, गवताळ, आणि माळढोकाला लागतं तेच ते गवत. माळढोक बघायला उद्यानातल्या सुदासरीला पहाटे जा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने या अवजड पक्ष्याला समोरची वीजवाहिनी वेळेत दिसत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. अंगावर काटा येतो ते ऐकून. सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) मात्र उन्हात बिळाच्या तोंडाशी सहज दिसतो.

जैसलमेरजवळच्याच आकलचे दगड झालेले वृक्ष जुरासिक काळातले. म्हणजे इथे कधीकाळी जंगल होतं!

कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड गावातल्या भुतांच्या गोष्टी सगळे सांगतात. मला त्यापेक्षा पालीवालांची 'खडीन' ही शेतीची पद्धत भावली. उताराच्या खाली मातीचा लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. अशा काही खडीन आजही पिकतात. गाइडला मुद्दाम विचारा, आपणहून दाखवत नाहीत.