मदत हवी आहे : परासरण शिकवण्यासाठी मराठीतील सिम्युलेशन

नमस्कार. मी मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या दहावीच्या पाठासाठी गेल्या वर्षी मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील नैसर्गिक निवडीचे सिम्युलेशन (संगणकावर चालणारी, बदल करून पाहता येणारी प्रतिकृती) वापरले. त्यात पांढऱ्या सशांमध्ये तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन घडवून तपकिरी जमिनीवर लांडगे सोडले की काही पिढ्यांतच पांढरे ससे विरळ होतात. लांडगे सोडण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लावला, तेव्हा एरवी नुसते पाठांतर करणारी मुलेही हिरिरीने वाद घालू लागली. शिवाय हे सिम्युलेशन एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज टिकत नाही, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे.

अडचण परासरणाची आहे, म्हणजे पातळ पटलातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जाते, त्या क्रियेची. खाडीवर गेलो असता मुलांनी तिवराच्या (खाडीकाठच्या खारफुटीतील झाडाच्या) पानावरचे मिठाचे बारीक कण बोटाने टिपून चाखले आणि एकीने विचारले, "बाई, खारट पाण्यात उभं राहून हे झाड सुकत कसं नाही?" पानांतील क्षारग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, हे मी सांगितले, पण खाऱ्या चिखलातून मुळे पाणी कशी ओढून घेतात, हे फळ्यावर नीट उलगडेना. मनुके पाण्यात भिजवून फुगवण्याचा प्रयोग आम्ही प्रत्यक्ष करतोच, आणि त्याची जागा पडद्याने घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

पटलाच्या दोन्ही बाजूंची क्षारांची संहती (पाण्यातील प्रमाण) मुलांना स्वतः बदलून पाहता येईल, असे मराठीतील आणि इंटरनेटशिवाय चालणारे साधन कोणी वर्गात वापरले आहे का? तीनच संगणकांवर सगळा वर्ग कसा बसवलात, हेही कृपया सविस्तर कळवावे.