सल्ला हवा आहे: मिनिकॉय बेटावर मोजक्या दिवसांची सहल

सागरगोटा
नमस्कार. मी, पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी असे तिघे फेब्रुवारीच्या अखेरीस लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर जाण्याच्या विचारात आहोत. आम्ही मूळचे रत्नागिरीचे असल्याने नारळ, समुद्र आणि मासे यांचे अप्रूप फारसे नाही. मात्र लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली असताना या एकाच बेटावर मालदीवच्या धिवेही भाषेचे भावंड असलेली महल भाषा बोलली जाते आणि ती थाना लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, हे वाचल्यापासून मुलीने हाच हट्ट धरला आहे. पाण्यातील खेळांत आम्हाला रस नाही. वस्ती, होड्या, दीपगृह, लगून (प्रवाळांच्या कड्याआतले उथळ, शांत पाणी) आणि जमल्यास थोडे पक्षी पाहावेत, एवढीच इच्छा आहे. रजा सहा दिवसांची आहे. एवढ्या दिवसांत हे बसेल का, परवान्याचे काय करावे आणि राहण्याची सोय कशी होते, याबद्दल स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे. ‘त्यापेक्षा अंदमानला जा’ हा सल्ला घरातूनच तीन वेळा मिळाला आहे, तेव्हा तो कृपया पुन्हा देऊ नये.

भरतीओहोटी
सहा दिवस असतील तर मिनिकॉयचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लक्षद्वीपमध्ये विमान उतरते ते अगत्तीला. कोचीहून दीड तासात तुम्ही तिथे पोहोचता आणि पुढे बंगारम, थिन्नकरा ही बेटे होडीच्या अंतरावर आहेत. मिनिकॉय अगत्तीपासून दक्षिणेला अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, त्यामुळे अगत्तीला उतरून तिथे सहज जाऊन येऊ असे मनात असेल तर ते काढून टाकावे.

काथ्या
भरतीओहोटी यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण सागरगोटा यांनी जे पाहायचे म्हटले आहे ते बंगारमला नाही. तिथे सुंदर वाळू आहे, पण गाव नाही. तेव्हा बेट बदलण्याऐवजी रजा वाढवावी, हा माझा सल्ला.

आम्ही चौघे तीन वर्षांपूर्वी जाऊन आलो. कोचीपासून मिनिकॉय सुमारे 400 किलोमीटर आहे आणि तिथे जाण्याचा पर्यटकांचा मार्ग म्हणजे कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटणारे जहाज. लक्षद्वीपच्या बेटांपर्यंत जहाजाला साधारण 14 ते 18 तास लागतात, आणि वाटेत दुसरी बेटे घेत गेल्यास अर्थातच अधिक. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस पनवेल आणि रत्नागिरी करत जाते खरी, पण नावात लक्षद्वीप असूनही बिचारी कोचीच्या एर्नाकुलम स्थानकालाच थांबते. त्या गाडीने जाणार असाल, तर जहाजाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोहोचावे. आमचे जहाज हवामानामुळे एक दिवस उशिरा सुटले. आम्ही तो दिवस कोचीच्या मट्टनचेरी भागात घालवला म्हणून चिडचिड झाली नाही, परंतु परतीचे तिकीट जहाज येण्याच्याच संध्याकाळचे काढले होते आणि ते फुकट गेले. ती चूक सर्वस्वी आमची होती. दोन्ही टोकांना एकेक मोकळा दिवस धरून नऊ दिवसांची रजा मिळाली तरच निघावे.

परवान्याशिवाय लक्षद्वीपच्या कोणत्याही बेटावर पाय ठेवता येत नाही, आणि हे भारतीयांनाही लागू आहे. त्यामागे 1967 चे प्रवेश व निवास निर्बंधाचे नियम आहेत. प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेमार्फत सहल आरक्षित केली, तर परवान्याचे काम तीच संस्था पाहते. त्या संस्थेची ‘समुद्रम’ ही सहल पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे दाखवते. दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर, असा तिचा क्रम असतो. तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही, कारण मिनिकॉयच्या वाट्याला एकच दिवस येतो आणि तोही दीपगृह, जेवण, नाच आणि परत होडी, असा घड्याळाकडे पाहत संपतो. बेटावरच मुक्काम असलेली सहल मिळते का, हे आधी विचारावे आणि ती मिळाली तर तारखा तिच्याप्रमाणे ठरवाव्यात. जहाजांचे वेळापत्रक हाती आल्याशिवाय रजेचा अर्ज देऊ नये.

आता पाहण्याबद्दल. बेट दहा-अकरा किलोमीटर लांब, चंद्रकोरीसारखे आणि इतके अरुंद आहे की मधल्या रस्त्याने सायकल चालवताना काही ठिकाणी दोन्ही बाजूंचा समुद्र ऐकू येतो. दीपगृह इंग्रजांनी 1885 मध्ये बांधले. वर चढण्याची परवानगी ज्या वेळेत मिळते ती आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. वरून पश्चिमेकडचे फिकट हिरवे लगून आणि दुसरीकडचा गडद निळा खुला समुद्र एका नजरेत दिसतो, आणि मधली माणसांची जागा किती थोडी आहे हेही कळते.

पण माझे मत विचाराल तर दीपगृहापेक्षा गावे मोठी. गावाला तिथे ‘अवा’ म्हणतात. प्रत्येक अव्याचा मूपन, म्हणजे मुखिया असतो, सामाईक घर असते आणि आपापली जहाधोनी असते. ही लांब, निमुळती, गडद रंगांत रंगवलेली वल्ह्यांची होडी एरवी शाकारलेल्या छपराखाली ठेवलेली असते आणि शर्यतीला किंवा पाहुण्यांच्या स्वागताला बाहेर निघते. आम्ही तिच्यापाशी नुसते उभे होतो, तेव्हा एका आजोबांनी स्वतः येऊन कोणत्या फळीला कोणते लाकूड वापरले ते तासभर समजावले. भाषा आम्हाला कळत नव्हती, तरी सगळे समजले. अशा तासासाठी दिवस मोकळा ठेवावा लागतो.

दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजांवर एकवीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतील बराच काळ माझे सहकारी मिनिकॉयचे होते. या बेटावरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर नोकरीला जात आले आहेत, त्यामुळे तिथे तुम्हाला ‘एकाकी बेटावरचे भोळे लोक’ भेटतील अशी कल्पना असेल तर ती घरीच ठेवून जावे. ज्या आजोबांना तुम्ही मुंबई कुठे आहे ते सांगू लागाल, त्यांनी कदाचित रॉटरडॅमही पाहिलेले असेल.

दुसरे असे की पुरुष महिनोन्‌महिने बाहेर असल्याने घर आणि गावचा व्यवहार स्त्रियांच्या हाती असतो, वंशही आईकडून मोजला जातो आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. त्यामुळे एखाद्या घरात बोलावले गेलात, तर आधी वहिनींनी घरातील मोठ्या बाईंशी बोलावे आणि तुम्ही मागे थांबावे. स्त्रियांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. समाज मुस्लिम आहे, तेव्हा गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. दारू या बेटावर चालत नाही आणि सोबतही नेऊ नये.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, हे तारखा ठरवताना विसरू नका. त्या महिन्यात दिवसाचा क्रमच बदलतो, दुपारी गाव शांत असते आणि आपल्या जेवणासाठी कोणाला तरी तोशीस पडते. जानेवारी गाठता आला तर उत्तम. मार्च 2024 मध्ये तिथे नौदलाचा ‘आयएनएस जटायू’ हा तळ कार्यान्वित झाला आहे, त्यामुळे कॅमेरा कुठे रोखतो याचे भान मुलीलाही द्यावे.

खाण्याबद्दल एकच सांगतो. आपण ज्याला कुपा म्हणतो तो ट्यूना हा या बेटाचा कणा आहे. जाळ्याने नव्हे, तर छोटे जिवंत मासे पाण्यात टाकून थवा जवळ आणायचा आणि काठी-गळाने एकेक मासा वर खेचायचा, ही त्यांची पद्धत. तोच मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवला की त्याचे ‘मासमीन’ होते. रत्नागिरीकरांनी ते घरी आणलेच पाहिजे, मात्र डबा घट्ट झाकणाचा न्यावा, नाहीतर परतीच्या गाडीत सहप्रवासी बोलणे बंद करतील.

शंखशिंपला
निसर्गाच्या बाजूने थोडी भर घालते, कारण माझा अभ्यासविषय प्रवाळ आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी 1998, 2010 आणि 2016 अशी उष्ण समुद्राची वर्षे सोसली आणि 2024 मध्ये पुन्हा मोठे विरंजन झाले, म्हणजे उष्णतेने प्रवाळांचा रंग उडून ते पांढरे पडले. तेव्हा जाहिरातींतील रंग डोळ्यांसमोर ठेवून पाण्यात डोकावू नये. पांढरे किंवा शेवाळलेले प्रवाळ दिसले तर ते काय आहे, हे मुलीला आधीच सांगून ठेवले तर तिची निराशा होण्याऐवजी ती नीट पाहील. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर चालू नये, कारण ज्याला आपण खडक समजतो तो बहुतेकदा जिवंत असतो. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर पडलेला का असेना. मुलांना शंख-शिंपलेही वाळूवरच राहू द्यायला सांगावे.

‘थुंडी’ किनाऱ्याला 2022 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला आहे आणि उथळ, शांत लगून पाहायला ती जागा चांगली आहे. कासवे पाहायची असतील तर सकाळी लवकर जेट्टीवर शांत उभे राहावे. पक्ष्यांसाठी ओहोटीची वेळ धरून किनाऱ्यालगत बसावे आणि दुर्बीण न्यावी.

पाणी मात्र जपून वापरावे. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो आणि जास्त उपसा झाला की विहीर मचूळ होते. म्हणूनच समुद्राच्या खोल, थंड पाण्याचा उपयोग करून गोडे पाणी बनवणारा प्रकल्प तिथे 2011 मध्ये उभारला गेला. अशा ठिकाणी पाहुण्याने बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी.

भरतीओहोटी
काथ्या यांचे म्हणणे मान्य आहे. नऊ दिवस असतील तर माझा आक्षेप मागे घेतो. फक्त एक विसरू नये: समुद्राच्या स्थितीप्रमाणे मोठ्या जहाजातून हलत्या छोट्या होडीत उतरावे लागू शकते. सोबत गुडघेदुखीचे कोणी वडीलधारे येणार असेल तर हे आधीच सांगा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि ती जहाज हलू लागल्यावर नव्हे, त्याआधी घ्यावी.

सागरगोटा
सर्वांचे मनापासून आभार. रमजानचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, त्यामुळे फेब्रुवारी रद्द करून जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरत आहे आणि कार्यालयात नऊ दिवसांचे बोलून ठेवले आहे. उद्या ‘स्पोर्ट्स’कडे बेटावरच्या मुक्कामाची चौकशी करतो. वडीलधारे कोणी सोबत नाही. आता एकच शंका उरली आहे: मुलीला थाना लिपीतील आपले नाव तिथल्याच कोणाकडून तरी लिहून घ्यायचे आहे. असे विचारणे आगाऊपणाचे दिसेल का?

दर्यावर्दी
मुळीच नाही. शाळेजवळ संध्याकाळी वही-पेन घेऊन उभे राहा, लिहून देणाऱ्या मुलांची रांग लागेल. फक्त त्यांनाही त्यांचे नाव देवनागरीत लिहून द्यावे लागेल, तेव्हा वही जाड घ्या.