थ्रस्ट रिव्हर्सर: गरम झोत मागेच जातो, मग विमान आवरतं कसं?

नमस्कार मंडळी,

विमान टेकल्यावर इंजिनं पुन्हा गरजतात ती थ्रस्ट रिव्हर्सरसाठी (इंजिनाचा जोर पुढच्या दिशेला वळवून विमान आवरणारी यंत्रणा), आणि फॅन उलटा फिरत नाही, इथपर्यंत कळलंय. पंखामागच्या खिडकीतून नीट दिसतं: इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो आणि मध्ये जाळी उघडी पडते. आत झडपा बायपासची, म्हणजे फॅनने ढकललेल्या पण गाभ्याबाहेरून जाणाऱ्या हवेची, वाट अडवतात, ती हवा जाळीच्या वळलेल्या पात्यांमधून तिरकी पुढे फेकली जाते.

घोडं अडतं ते पुढे. गाभ्यातला (जिथे इंधन जळतं तिथला) गरम झोत तर मागेच जात राहतो, म्हणजे विमानाला पुढेच ढकलणार. जाळीतली हवाही सरळ पुढे जात नाही. एवढी वजाबाकी झाल्यावर उरतं काय? आणि वेग ६०-७० नॉटवर (ताशी साधारण ११०-१३० किमी) आला की रिव्हर्स कमी का करतात? थांबेपर्यंत का नाही ठेवत? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावं, डोक्यातून जातच नाहीये.

प्रतिसाद १:
आत येणारी हवा तुमच्या हिशेबातून सुटली आहे. वेग सेकंदाला ७० मीटर धरा. हवा त्याच वेगाने विमानाच्या अंगावर येते. दर सेकंदाला एक किलो हवा नुसती अडवली तरी ७० न्यूटन रोध मिळतो. पुढे फेकण्याचा जोर वेगळा. शिवाय सीएफएम५६ सारख्या इंजिनात गाभ्याच्या साधारण पाचपट हवा बायपासमधून जाते, त्यामुळे गरम झोत एकटा पुरा पडत नाही.

वेग ३० मीटरवर आला की तोच रोध ३० न्यूटन. वर पुढे फेकलेली हवा पुन्हा इंजिनात शिरायला लागते, धावपट्टीवरचे खडे उडतात, कॉम्प्रेसर सर्ज होऊ शकतो (इंजिनातला हवेचा प्रवाह बिघडून उलटा फिरतो). त्या वेगाला चाकांचे ब्रेक पुरतात.

प्रतिसाद २:
मुळात मुख्य काम ब्रेकचंच. सुक्या धावपट्टीसाठी प्रमाणित केलेलं उतरण्याचं अंतर रिव्हर्सर न धरता काढतात. ए३८० च्या चारपैकी आतल्या दोनच इंजिनांना रिव्हर्सर आहेत.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, आत येणाऱ्या हवेचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मग ऑटोब्रेक (आपोआप लागणारे चाकांचे ब्रेक) ठरावीक मंदनावर, म्हणजे वेग घटण्याच्या दरावर, लावला असेल, तर रिव्हर्सरने अंतर घटत नाही, ब्रेक कमी तापतात एवढंच ना?

प्रतिसाद २:
सुक्या धावपट्टीवर हो. पाणी किंवा बर्फ असेल तर टायरची पकडच कमी पडते, ठरवलेलं मंदन ब्रेकला गाठता येत नाही. तिथे रिव्हर्सर अंतरही घटवतो, कारण त्याचा जोर टायरच्या पकडीवर अवलंबून नाही.