माइक प्रीअँपमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं प्लस कुठल्या बाजूला?

तांब्याची_तार:
९ व्होल्टच्या बॅटरीवर टीएल०७२ या ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणारी चिप) माइक प्रीअँप जोडलाय. इलेक्ट्रेट माइकला १० के (किलोओहम) रेझिस्टरमधून सप्लाय, ऑप-अँपच्या इनपुटला १०० के मधून अर्धा सप्लाय. इनपुटला १ मायक्रोफॅरड, आउटपुटला १० मायक्रोफॅरड, दोन्ही इलेक्ट्रोलिटिक, प्लस सिग्नल पुढे जातो त्या बाजूला. व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, व्हॉल्यूमचा पॉट नवा कोरा आहे. शिवाय जेबीएलच्या काही स्पीकरांत कपॅसिटरला बॅटरीचा बायस (कायम दिलेलं डीसी व्होल्टेज) असतो म्हणे, तो इथे द्यावा का?

खरखर_बंद:
सिग्नलच्या दिशेचा इथे संबंधच नाही. डीसी व्होल्टेज जिकडे जास्त, तिकडे प्लस. ऑप-अँपचं आउटपुट ४.५ व्होल्टवर, पॉटची बाजू शून्य व्होल्टवर. म्हणजे तुमचा १० मायक्रोफॅरड चक्क उलटा आहे. उलट व्होल्टेजने आतला ऑक्साइडचा थर खराब होतो, गळती वाढते, डीसी पॉटवर येतो आणि फिरवताना खरखरतो. पॉटचं वरचं टोक ते ग्राउंड मोजा, काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. तोच कपॅसिटर फिरवून लावू नका, नवीन टाका. आणि टँटलम वापरणार असाल तर जपून: ॲल्युमिनियमवाल्यावर पट्टी मायनसची असते, टँटलमवर खूण प्लसची.

अर्धा_व्होल्ट:
खरी गंमत इनपुटला आहे. माइक ०.४ मिलिअँपिअर घेत असेल तर १० के वर ४ व्होल्ट पडतात. नव्या बॅटरीत माइककडे ५ व्होल्ट, ऑप-अँपकडे ४.५, प्लस माइककडे हवं. बॅटरी ७ वर उतरली की माइककडे ३, ऑप-अँपकडे ३.५. पोलॅरिटी पलटली! अर्ध्या व्होल्टने कपॅसिटर फुटणार नाही, पण इलेक्ट्रोलिटिक हवाच कशाला? ०.२२ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर लावा. १०० के सोबत कटऑफ (ज्याच्या खाली सिग्नल कमी होत जातो ती फ्रिक्वेन्सी) साधारण ७ हर्ट्झ येतो, पुरे झाला.

तांब्याची_तार:
पॉटवर ०.८ व्होल्ट दिसले. दोन्ही बदलतो. बॅटरी बायसचं राहिलं.

खरखर_बंद:
ते क्रॉसओव्हरसाठी, म्हणजे स्पीकरात प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सर्किटसाठी. जेबीएलच्या एव्हरेस्ट डीडी६६००० स्पीकरमध्ये आहे तसं. एका कपॅसिटरऐवजी दुप्पट मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये, म्हणजे ५ मायक्रोफॅरडसाठी १०-१०चे दोन. मधल्या जोडावर ९ व्होल्टचं प्लस मोठ्या रेझिस्टरमधून, समजा २.२ मेगओहम, बॅटरीचं मायनस ग्राउंडला. बाहेरची दोन्ही टोकं डीसीला शून्यावर हवीत: एकीकडे अँप, दुसरीकडे ड्रायव्हरची कॉइल. करंट गळतीपुरताच, त्यामुळे बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. जोडल्यावर पूर्ण चार्ज व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. यात फिल्म कपॅसिटरच (पॉलिस्टरसारखे) घ्या; इलेक्ट्रोलिटिकची गळती १ मायक्रोअँपिअर जरी झाली तरी रेझिस्टरवर २.२ व्होल्ट खाऊन टाकते.

तुमच्या आउटपुटच्या कपॅसिटरला ४.५ व्होल्टचा बायस फुकटच मिळतोय, वेगळी बॅटरी कशाला? त्यापेक्षा मायक्रोफॅरड वाढवा. १० के च्या लोडवर १० मायक्रोफॅरड असेल तर २० हर्ट्झला सिग्नलचा ८ टक्के भाग कपॅसिटरवरच पडतो, आणि इलेक्ट्रोलिटिकचं डिस्टॉर्शन तिथूनच येतं. ४७ मायक्रोफॅरड केलात की तोच भाग २ टक्क्यांच्या आत. २५ व्होल्टचा घ्या, प्लस ऑप-अँपकडे.