मदत हवी आहे: जबड्याच्या हाडातला जुना संसर्ग, ओपीजी (पूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे) झाल्यावर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन) की एमआरआय?

मंडळी, सासूबाईंची खालची दाढ पावसाळ्यात काढली, पण जखम अजून भरत नाही. हिरडीला बारीक छिद्र पडलंय, दाबलं की पू येतो. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की पुन्हा तेच. मधुमेह आहे, शिवाय हाडं ठिसूळ म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड घेतलंय (हे डेंटिस्टना ठाऊक आहे).

ओपीजीत ‘विशेष काही नाही’ आलं. पण हाडातले साधारण ३० ते ५० टक्के क्षार जाईपर्यंत साध्या एक्स-रेत फारसं दिसतच नाही म्हणे! मग त्या रिपोर्टवर निर्धास्त कसं राहायचं?

आता एक डॉक्टर सीबीसीटी सांगतात: मेलेला हाडाचा तुकडा सुटलाय का, हाडाचं बाहेरचं कवच फुटलंय का, नस किती जवळ आहे ते कळेल. दुसरे म्हणतात, हाडाच्या आतल्या मज्जेतली सूज त्यात दिसत नाही, एमआरआयच करा. दोन्हींचा खर्च एकदम जड जातोय.

कोणाच्या घरी असं झालंय का? आधी काय केलंत? तोंडात धातूची कॅप असेल तर सीबीसीटी धूसर येतो का? बायोप्सी आणि पुवाचं कल्चर (कुठले जंतू आहेत ती तपासणी) स्कॅनच्या आधी की नंतर? मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे) सर्जन कोणी असतील तर जरूर सांगा.